आर्पेजिओ म्हणजे काय गं ताई?

आमच्या मुलींच्या होस्टेलच्या तीन मजल्यांवर मिळून सध्या अकरा गिटारी आहेत. मी स्वतः मोजल्यात (संपादक मंडळाने पुरावा मागितला तर रूम नंबरसकट यादी द्यायची तयारी आहे!). त्यातल्या रोज वाजणाऱ्या तीन. बाकीच्या आठांपैकी काही कपाटावर ड्राफ्टरच्या शेजारी धूळ खातायत, एक पलंगाखाली आहे, आणि एकीच्या मानेवर चक्क ओढण्या वाळत असतात. मुलांच्या होस्टेलची परिस्थिती याहून बरी असेल असं वाटत नाही.

या आठजणींना मी विचारलं की बाई, सोडलीस का? "अभ्यास" हे उत्तर एकीनेही दिलं नाही, त्यामुळे सर लोकांनी निश्चिंत राहावं. बहुतेकींची गोष्ट एकच निघाली. फर्स्ट इयरला हौसेने गिटार घेतली, बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत दुखणं सहन केलं, जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्ड जमवल्या, आणि त्या चारांवर खाली-वर, खाली-वर असं स्ट्रमिंग करत गॅदरिंगपर्यंत मजेत दिवस काढले. मग कुणीतरी एखाद्या गाण्याची ती सुरुवात वाजवायला सांगितली, ज्यात सगळ्या तारा एकदम न वाजता एकामागून एक थेंबासारख्या पडतात. तिथे गाडी अडली ती अडलीच.

त्या थेंबांना क्लासमध्ये "प्लकिंग" म्हणतात. पुस्तकातलं नाव आर्पेजिओ. इटालियन भाषेत "आर्पा" म्हणजे हार्प, ते उभं, मोठ्या धनुष्यासारखं तंतुवाद्य. हार्पवर जशा तारा ओळीने छेडतात तशा छेडायच्या म्हणून आर्पेजिओ. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक वेगवेगळे स्वर. तेच स्वर एकदम न वाजवता क्रमाने वाजवले की झाला आर्पेजिओ. एवढीच व्याख्या आहे, ओरलला विचारली तर दोन मार्क सुद्धा मिळणार नाहीत!

उदाहरण घेऊ. ए मायनर कॉर्ड पकडली आणि पाचवी, तिसरी, दुसरी, पहिली अशा तारा क्रमाने छेडल्या (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड), तर अंदाजे ११०, २२०, २६१.६ आणि ३२९.६ हर्ट्झ असे चार स्वर ऐकू येतात. पहिले दोन एकच स्वर, फक्त सप्तक वेगळं. म्हणजे ए, सी आणि ई एवढाच माल. स्ट्रमिंगमध्येही हेच स्वर असतात. फरक फक्त वेळेचा आहे, आणि सगळी गंमत त्या वेळेतच आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या प्रार्थनेला सिस्टर पियानो वाजवायच्या. त्यांचा उजवा हात चाल वाजवायचा आणि डावा हात त्याच तीन-चार पट्ट्यांवर गोल गोल फिरत राहायचा. तेव्हा मला वाटायचं डाव्या हाताला काही काम नाही म्हणून तो टाइमपास करतोय. तोही आर्पेजिओच. बाखच्या १७२२ सालच्या "वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर"मधला पहिलाच सी मेजरमधला प्रेल्यूड जवळजवळ अख्खा असाच आहे. त्यात गुणगुणावी अशी वेगळी चाल नाही, एकामागून एक कॉर्ड सुटी करून मांडलेली आहे, आणि तरी माणूस ऐकत राहतो.

ज्यांना हे सगळं फार फॉरेन वाटतंय त्यांनी तानपुरा आठवावा. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. एकेक तार छेडायची, पण आधीची विझायच्या आत पुढची. चार तारा वेगवेगळ्या छेडल्या जातात आणि ऐकू येतं ते एक सलग काहीतरी. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेकडच्या मुली हे दर आठवड्याला ऐकवतात, म्हणून इथेही नोंद केली!) तानपुऱ्यात कॉर्ड बदलत नाही, त्यामुळे तो आर्पेजिओ नव्हे. पण "सुटं छेडायचं आणि जोडून ऐकू यायचं" हे तत्त्व तेच. आर्पेजिओ शिकणं म्हणजे मुख्यतः हे शिकणं, की आधीचा स्वर आपल्याच हाताने मारायचा नाही.

आता अडतं कुठे ते सांगते. गेल्या सेमिस्टरला पीएल सुरू व्हायच्या आधी शेजारच्या रूममधली एक ज्युनियर गिटार घेऊन आली. शिकायला नाही, विकायला! म्हणाली, "ताई, दोन हजाराला घेणारं कुणी माहितीये का? माझ्या हातात म्युझिकच नाहीये." वडिलांनी बारावीच्या निकालावर घेऊन दिलेली गिटार. तिच्या घरात याआधी कुणी कुठलंच वाद्य वाजवलेलं नाही, त्यामुळे "आपल्याकडे हे नसतंच" असा निकाल तिने स्वतःच देऊन टाकला होता. मला ते ऐकून राग आला. तिच्यावर नाही, त्या वाक्यावर. केटी लागली तर आपण म्हणतो पेपर अवघड होता, आणि गिटार अडली तर म्हणतो माझ्यातच काहीतरी नाही. असं का?

मी म्हटलं, विकायच्या आधी एकदा वाजवून दाखव. तिने ए मायनर पकडली आणि प्लकिंग सुरू केलं. डावा हात ठीक होता. उजवा हात मात्र प्रत्येक तारेसाठी हवेत उडत होता. अंगठ्याने पाचवी छेडली की पंजा वर, मग खाली बघून तिसरी शोधायची, तीही तर्जनीने, मग पुन्हा तर्जनीनेच दुसरी, पुन्हा शोध. मेसमध्ये एकटाच वाढपी सगळ्या टेबलांवर धावतोय तसं! त्यात परत येताना बोट नुकत्याच छेडलेल्या तारेला घासायचं आणि तो स्वर तिथेच मरायचा. हातात म्युझिक आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. हाताला कामाची वाटणी करून दिलेली नव्हती, बस्स.

वाटणी अशी. जाड तिन्ही तारा म्हणजे सहावी, पाचवी, चौथी अंगठ्याच्या. तिसरी तर्जनीची, दुसरी मधल्या बोटाची, पहिली अनामिकेची. करंगळीला सुट्टी. क्लासिकल गिटारच्या पुस्तकांत यासाठी स्पॅनिश नावांची आद्याक्षरं वापरतात: पुल्गार, इंदिसे, मेदियो, अनुलार. मी वहीत आपली मराठी अक्षरं लिहिते: अं, त, म, ना. (मेदियो आणि मध्यमा, अनुलार आणि अनामिका, अक्षरं कशी जुळली बघा!) प्रत्येक बोटाचं घर ठरलेलं. कॉर्ड कुठलीही येवो, त, म आणि ना घर सोडत नाहीत. बदलतो फक्त अंगठा, कारण त्याला कॉर्डचा मूळ स्वर द्यायचा असतो. ई मायनर आणि जी असेल तर सहावी तार, ए मायनर आणि सी असेल तर पाचवी, डी असेल तर चौथी. सुरुवातीला एवढा नियम पुरतो.

दुसरी गोष्ट, सुरू करायच्या आधी चारही बोटं आपापल्या तारांवर टेकवून ठेवायची. नुसती टेकवायची. मग एकेक सोडत जायचं. म्हणजे तार शोधायचा प्रश्नच येत नाही, बोट आधीच दारात उभं असतं. आपण तार "मारतो" असं समजतो, पण खरं तर तार किंचित दाबून सोडायची असते. बोट तळव्याच्या दिशेने आत वळतं आणि पंजा जागेवरच राहतो. बाहेरच्या बाजूला ओढली तर तार फ्रेटवर आपटून कर्कश आवाज येतो. अंगठा बोटांच्या थोडा पुढे, मानेच्या बाजूला हवा. तो तळव्यात शिरला तर तर्जनीशी त्याची टक्कर होणारच. वरून बघितलं तर अंगठा आणि तर्जनी मिळून साधारण फुलीसारखा आकार दिसला पाहिजे.

एक सावधगिरी. पहिल्यांदा चारही बोटं टेकवून सुरुवात करायची हे ठीक, पण अं-त-म-ना-म-त असं वर जाऊन परत खाली येताना बोट फार लवकर टेकवलं तर त्या तारेचा अजून चालू असलेला स्वर बंद पडतो. म्हणून परतीच्या वाटेवर बोट अगदी छेडण्याच्या क्षणीच टेकवायचं. हे सांगून समजत नाही, कानाने समजतं.

मी त्या ज्युनियरला पहिले तीन दिवस डावा हात वापरायची बंदी केली. ऐकून तिला वाटलं ताई थट्टा करतेय. पण सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली या चार तारा मोकळ्या वाजवल्या तर ई, जी, बी, ई हे स्वर येतात, म्हणजे ई मायनर कॉर्डच! डाव्या हाताने खुशाल चहाचा कप धरा. मेटॅलिकाच्या १९९१ सालच्या "नथिंग एल्स मॅटर्स"ची सुरुवात नेमकी या चार मोकळ्या तारांवरच आहे. जेम्स हेटफील्डने सांगितलेला किस्सा असा की तो फोनवर बोलत होता, एका हातात फोन होता आणि रिकाम्या हाताने तो तारा छेडत बसला होता. त्यातून ते गाणं सुरू झालं. आपल्याकडे फोनवर तासन् तास बोलणाऱ्यांची कमी नाही, तेवढा वेळ सत्कारणी लावायला हरकत नाही.

मोकळ्या तारांवरच क्रम बदलून बघायचे. अं-त-म-ना. मग अं-ना-म-त. मग अं-त-म-ना-म-त, हा सहाचा क्रम सहा मात्रांच्या गाण्यांना चपखल बसतो. बोटांमध्ये सगळ्यात आळशी अनामिका, तिचा स्वर हमखास बारीक येतो किंवा उशिरा येतो. आणि तिचीच तार पहिली, म्हणजे जी सगळ्यात वर ऐकू येते! म्हणून तिला थोडं जास्त काम द्यावं लागतं. माउरो जुलियानी नावाच्या इटालियन गिटारवादकाने १८१२ साली व्हिएन्नात उजव्या हाताचे १२० व्यायाम छापले. १२० वेगवेगळे क्रम, पण कॉर्ड फक्त दोन, सी आणि जी सेव्हन. डावा हात मुद्दामच बिनकामाचा ठेवलाय, लक्ष सगळं उजव्याकडे. दोनशे वर्षं उलटली तरी लोक ते वाजवतात, आणि आपण यूट्यूबवर "पाच मिनिटांत शिका" शोधतो.

वेगाबद्दल मी जरा कडक आहे. फोनवर मेट्रोनोम लावायचा, ६० वर, आणि एका ठोक्याला दोन स्वर. म्हणजे प्रत्येक स्वराला अर्धा सेकंद. सगळ्यांना हे फारच स्लो वाटतं. करून बघा! अर्धा सेकंद पूर्ण संपेपर्यंत थांबणं हे भरभर वाजवण्यापेक्षा कठीण आहे, कारण सोपं बोट आलं की आपण पळतो आणि अवघड बोट आलं की अडखळतो. स्वरांमधलं अंतर सारखं राहिलं तर स्लो आर्पेजिओसुद्धा गाणं वाटतो. अंतर कमीजास्त झालं तर फास्ट आर्पेजिओ म्हणजे जिन्यावरून स्टीलची ताटं पडल्यासारखं. सलग पाच मिनिटं न चुकता झालं तरच ठोका चार-पाचने वाढवायचा, नाहीतर नाही. तास-दीड तास एकदम बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. मनगट किंवा हाताच्या पुढच्या भागात दुखायला लागलं तर त्या क्षणी थांबायचं. बोटांच्या टोकांचं दुखणं वेगळं, ते सगळ्यांनाच होतं आणि जातं. मनगटाचं दुखणं हट्टाने वाढवलं तर जर्नल लिहायचीही पंचाईत होते.

आता डावा हात. इथे एक कडू सत्य आहे. स्ट्रमिंग सगळं झाकून टाकतं. पाच-सहा तारा एकदम वाजल्या की त्यातली एक बंद पडलेली असली तरी कुणाला कळत नाही, आपल्यालाही नाही. आर्पेजिओमध्ये प्रत्येक तारेची हजेरी लागते, प्रॉक्सी चालत नाही! चार महिने आपली सी कॉर्ड परफेक्ट आहे असं समजणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच कळतं की तिची पहिली तार कधी वाजलीच नव्हती, कारण दुसऱ्या तारेवरची तर्जनी आडवी पडून तिला टेकलेली होती. पुष्कळजणी इथे म्हणतात, "प्लकिंग करताना माझ्या कॉर्ड बिघडतात." बिघडत नाहीत गं, आधीपासून तशाच होत्या, आता दिसायला लागल्या.

यात खरं तर फायदाच आहे, कारण दोष कुठे आहे ते आता नेमकं कळतं. प्रोग्राम चालत नाही म्हणून अख्खा पुन्हा लिहित बसण्यापेक्षा कुठल्या ओळीत एरर आहे ते समजलं तर बरं, तसं. मंद वाजणारी तार सापडली की तीन गोष्टी तपासायच्या. बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब आहे का? शेजारचं बोट आडवं होऊन तिला टेकतंय का? की नख वाढल्यामुळे बोट उभंच राहत नाहीये? डाव्या हाताचं अंगठ्याखेरीज एकही नख वाढलेलं चालणार नाही, आणि उजव्या हाताची थोडी वाढलेली असली तर आवाज उजळ येतो. त्यामुळे एका हाताची नखं लांब आणि एका हाताची साफ असा अवतार होतो. मेसमध्ये विचारतात, मग सांगायचं.

कॉर्ड बदलण्याची भीती सगळ्यांना असते, पण या बाबतीत आर्पेजिओ स्ट्रमिंगपेक्षा सोपा आहे, आणि हे मला कुणी क्लासमध्ये सांगितलं नव्हतं. स्ट्रमिंगमध्ये ठोक्यावर सगळी बोटं एकदम हजर लागतात. आर्पेजिओमध्ये ठोक्यावर फक्त अंगठ्याची तार वाजते. म्हणजे डाव्या हाताचं पहिलं बोट त्या तारेवर पोचलं की काम सुरू! अं-त-म-ना-म-त हा क्रम अर्ध्या सेकंदाला एक स्वर असा वाजवला तर पहिली तार अंगठ्यानंतर तब्बल दीड सेकंदाने येते. तेवढ्या वेळात उरलेली बोटं एकेक करून बसतात. कॉम्प्युटरवाल्या मंडळींना हे लगेच कळेल, सरळ पाइपलाइनिंग आहे. एक इन्स्ट्रक्शन पूर्ण व्हायची वाट न बघता दुसरी आणायला घ्यायची. त्यासाठी नवीन कॉर्डमध्ये कुठलं बोट कुठल्या क्रमाने लागणार आहे एवढं मात्र माहीत हवं. सी कॉर्डला आधी पाचव्या तारेवरची अनामिका, मग बाकी. आपण नेमकं उलटं करतो, सवयीने तर्जनी आधी ठेवतो आणि जिची सगळ्यात आधी गरज आहे ती अनामिका शेवटी!

शिवाय जे बोट हलवायची गरज नाही ते हलवायचंच नाही. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतात, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचवीवर जाते. हे बघून दाखवल्यावर ती ज्युनियर दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके महिने अख्खा हात उचलत होते?" हो. बहुतेक सगळेच उचलतात. उचललेल्या बोटाखालची तार त्याच क्षणी गप्प होते, म्हणून दोन कॉर्डच्या मध्ये तो खड्डा पडतो.

मुलांच्या होस्टेलमधल्या मेटलवाल्या बंधूंनी इथपर्यंत वाचलं असेल तर ते म्हणतील, हे कसले आर्पेजिओ, आर्पेजिओ म्हणजे स्वीप! बरोबर आहे, शब्द तोच, पण काम जवळजवळ उलटं. यंग्वी माल्मस्टीनच्या १९८४ सालच्या "रायझिंग फोर्स"नंतर ज्याचं वेड पसरलं त्या स्वीप पिकिंगमध्ये पिक तारांवरून एकाच दिशेने झाडूसारखं ओढतात, आणि डाव्या हाताचं बोट प्रत्येक स्वर वाजल्यावर लगेच सैल करतात, जेणेकरून दोन स्वर एकमेकांत मिसळू नयेत. डिस्टॉर्शन लावलेलं असताना स्वर एकमेकांत मिसळले तर नुसता गोंगाट होतो. म्हणजे तिथे आधीचा स्वर मारायचा आणि इथे जगवायचा. एकाच नावाखाली दोन परस्परविरुद्ध सवयी आहेत, त्यामुळे व्हिडिओ बघून शिकणाऱ्याचा घोळ होतो. ॲकॉस्टिकवर गाण्याची साथ करायची असेल तर स्वीपच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

पिकने आर्पेजिओ होतच नाही असं मात्र नाही. ॲनिमल्सच्या १९६४ सालच्या "हाउस ऑफ द रायझिंग सन"मधला हिल्टन व्हॅलेंटाइनचा सुप्रसिद्ध आर्पेजिओ पिकनेच वाजवलेला आहे. ए मायनर, सी, डी, एफ अशा कॉर्ड, सहाची चाल. मोकळ्या तारांवर हात बसला की मी हेच गाणं घ्यायला सांगते, कारण कॉर्ड दर सहा स्वरांनी शिस्तीत बदलते आणि पहिलाच बदल ए मायनर ते सी, म्हणजे फुकटातला. एफ त्रास देते. पूर्ण बार न घेता वरच्या चार तारांची छोटी एफ धरायची आणि अंगठ्याने चौथी छेडायची, कुणी पोलिसात देत नाही.

हिंदीत यायचं तर "नीले नीले अंबर पर". हे १९८३ सालच्या "कलाकार"मधलं, पण चाल आली ती इळैयराजांच्या "इळय निला" या १९८२ सालच्या तमिळ गाण्यावरून. आमच्या ब्लॉकमधल्या चेन्नईच्या मुलीने मूळ गाणं ऐकवलं तेव्हा मी थक्क झाले. गाणाऱ्याच्या मागे गिटार सतत सुटे स्वर मांडत जाते. वेगात आहे, त्यामुळे ते थर्ड इयरपर्यंतचं स्वप्न म्हणून ठेवा. तोवर "रोमान्स" नावाची ती निनावी स्पॅनिश रचना घ्या, जी कुठल्याही गिटारच्या दुकानात कुणी ना कुणी वाजवत असतं. त्यात ना-म-त, ना-म-त असा तिनाचा क्रम अखंड चालतो आणि चाल संपूर्ण अनामिकेवर, पहिल्या तारेवर. तर्जनी आणि मधलं बोट मोकळ्या तारांवर हळू, अनामिका मोठी, अंगठा अधूनमधून खाली. आळशी अनामिकेला शाळेत घालायची याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

त्या ज्युनियरची गिटार विकली गेली नाही. पण एफची पहिली तार काही केल्या तिला वाजवता येईना, तेव्हा मी गिटारच बघितली. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच होत्या की दाबायला पैलवान लागला असता. याला ॲक्शन म्हणतात. दुकानात दाखवून ती खाली करून घेतली आणि निम्मं दुखणं तिथेच संपलं. स्वस्तातल्या नव्या गिटारींची ॲक्शन पुष्कळदा अशीच असते, त्यामुळे "मला जमत नाही" म्हणायच्या आधी एकदा वाजवणाऱ्या कुणाकडून तरी गिटार तपासून घ्या. तिची आता सी ते एफ बऱ्यापैकी होते. ६६ च्या ठोक्यावर. ७० ला अजून फाफलते.

राहिला प्रश्न रात्रीचा. रेक्टर मॅडमचा दहानंतर आवाज नको हा नियम योग्यच आहे, आणि स्ट्रमिंग त्यात बसत नाही. बोटांनी हळू वाजवलेला आर्पेजिओ मात्र बंद दाराच्या बाहेर फारसा जात नाही, आमच्या मजल्यावर आम्ही प्रयोग करून पाहिलाय, दाराबाहेर एकीला उभं करून. त्याहून कमी हवा असेल तर ब्रिजजवळ तारांच्या खाली रुमालाची घडी सरकवायची. आवाज टक-टक असा कोरडा येतो, स्वर लांबत नाहीत, त्यामुळे गाणं वाजवण्यात मजा नाही. पण फक्त उजव्या हाताची घडी बसवायची असेल तर रुमाल उत्तम, कारण स्वर विझल्यामुळे अंतरातली गडबड लपत नाही. रूम पार्टनरला आधी विचारा. तिचं एम-थ्री असेल तर दुसऱ्या दिवशी.